दचकून जाग आली की साखर का चढते? पहाट, अलार्म आणि अचानक ताण

पहाटवारा (धागाकर्ता)

"रात्रभर काही खाल्लं नाही, तरी सकाळची साखर झोपतानापेक्षा जास्त कशी?" हा प्रश्न मधुमेहाच्या विभागात सतत येतो. उत्तरादाखल कुणी 'पहाटेचे हार्मोन' म्हणतं, कुणी 'ताण', तर कुणी 'रात्री लो झाली असणार' (म्हणजे साखर फार खाली गेली असणार). तिन्ही गोष्टी अस्तित्वात आहेत, पण त्या एक नाहीत. त्यांचे उपाय वेगळे आहेत, काही वेळा तर एकमेकांच्या अगदी उलट. म्हणून हा स्वतंत्र धागा.

(सगळे आकडे मिग्रॅ/डेली. मिलीमोल वापरणाऱ्यांनी १८ ने भागावं.)

आधी ही साखर येते कुठून ते पाहू. उपाशी असताना रक्तातली साखर यकृत पुरवतं. मोठ्या माणसाच्या संपूर्ण रक्तात मिळून जेमतेम ५ ग्रॅम ग्लुकोज असतं, पण यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात ८० ते १०० ग्रॅम साठा असतो. झोपेत यकृत दर मिनिटाला, दर किलो वजनामागे साधारण २ मिग्रॅ ग्लुकोज सोडतं. ७० किलोच्या माणसासाठी हे तासाला ८ ग्रॅमच्या थोडं वर जातं. मेंदू आणि बाकीचं शरीर तेवढंच वापरतं, म्हणून आकडा जागेवर राहतो.

आता हिशेब करा. ग्लुकोज फक्त रक्तात नसतं, पेशींबाहेरच्या सगळ्या पाण्यात पसरतं. ७० किलोच्या माणसात ते पाणी सुमारे १४ लिटर, म्हणजे १४० डेसिलिटर. साखर ४० ने चढायला ४० × १४० = ५६०० मिग्रॅ, म्हणजे साडेपाच ग्रॅम ग्लुकोज जास्तीचं आलं की पुरे. चहाच्या चमच्याने सव्वा चमचा! यकृताने तासभर नेहमीपेक्षा दीडपट साखर सोडली आणि ती उचलायला इन्सुलिन नसलं, तर तेवढ्यानेच ३० चा फरक पडतो. 'काही न खाता वाढली' यात चमत्कार काही नाही.

धाग्यात आपण चार आकार वेगळे ओळखायला शिकू: पहाटे झोपेतच सुरू होणारी संथ चढण, उठल्यावरची चढण, दचकल्यावरची उसळी, आणि सेन्सरने दाखवलेली खोटी उसळी.

---

बिंदुरेषा

धागा आवडला. हार्मोनांचं वेळापत्रक मांडतो, कारण आलेख वाचताना 'किती' यापेक्षा 'कधी आणि किती वेळ' हेच जास्त सांगून जातं.

अ‍ॅड्रेनलिन: सेकंदांत सुटतं, रक्तात त्याचं अर्धायुष्य दोन-तीन मिनिटांचं. यकृतातलं ग्लायकोजेन फोडतं आणि स्वादुपिंडाला तात्पुरतं 'इन्सुलिन सोडू नको' असं सांगतं. स्नायूंतलं ग्लायकोजेनही फुटतं, पण स्नायू थेट ग्लुकोज बाहेर देऊ शकत नाहीत. तिथून लॅक्टेट निघतं आणि यकृत त्याचं ग्लुकोज करतं. शिवाय चरबी वितळून मेदाम्लं रक्तात येतात, त्यामुळे इन्सुलिनचा असर कमी होतो. अ‍ॅड्रेनलिन स्वतः पाच-दहा मिनिटांत गेलं तरी मागचा हा पसारा आवरायला तास-दीड तास लागतो तो यामुळे.

ग्लुकॅगॉन: यकृताला साखर सोडायला लावणारं स्वादुपिंडाचं हार्मोन. मिनिटांत काम सुरू. ताणातही सुटतं.

कॉर्टिसॉल: अर्धायुष्य तास-दीड तास. याचा साखरेवरचा परिणाम तासांनी दिसतो आणि तासनतास टिकतो. मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी, रात्रीच्या उत्तरार्धात चढू लागतं आणि जाग आल्यावर ३० ते ४५ मिनिटांत आणखी एक उसळी घेतं. ही उसळी बहुतेक निरोगी माणसांतही असते, साधारण ५० टक्क्यांची.

ग्रोथ हार्मोन: पहिल्या गाढ झोपेत सुटतं, परिणाम दोन-तीन तासांनी. पहाटेच्या चढणीत याचा मोठा हात.

मधुमेह नसलेल्या माणसात हे सगळं असंच घडतं. फरक एवढाच की त्याचं स्वादुपिंड पहाटे थोडं इन्सुलिन वाढवून हिशेब जुळवतं. आपल्याकडे जुळत नाही.

---

निळासूर

नेमका प्रश्न. सीजीएमवर (त्वचेवर लावलेला, सतत साखर मोजणारा सेन्सर) असा आलेख आहे: पहाटे ५:२० ला १०८, मग घसरत ५:४० ला ७२, तिथे थोडी वेडीवाकडी रेषा, ६:०५ ला अलार्म, ६:२५ ला ११६. बाण सरळ वर. ही अलार्मने दचकल्याची उसळी म्हणायची का?

---

पहाटवारा

निळासूर, तुमच्या आलेखावर वरचाच हिशेब लावून बघा. २० मिनिटांत ४४ म्हणजे ४४ × १४० = ६१६० मिग्रॅ, मिनिटाला ३०० च्या वर. यकृताचा नेहमीचा पुरवठा १४० आहे. म्हणजे वापर तेवढाच राहिला असं धरलं तर यकृताने एकदम तिपटीने साखर सोडायला हवी. खऱ्या भीतीत, अपघातात हे होऊ शकतं. रोजच्या अलार्मने होणं अवघड आहे.

शिवाय उसळीच्या आधी खड्डा आहे, आणि तिथेच उत्तर सापडतं. ज्या दंडावर सेन्सर आहे त्याच कुशीवर झोपलं की त्या जागचा रक्तपुरवठा दबतो आणि सेन्सर खोटी लो दाखवतो. तिची ओळख: उभी घसरण, तळाशी खडबडीत सपाट रेषा, आणि कूस बदलल्यावर किंवा उठल्यावर १५-२० मिनिटांत पूर्वीच्या पातळीला उभी चढण. १०८ वरून गेली आणि ११६ ला परत आली, म्हणजे खरी वाढ फार तर ८ ची. बाकी सगळा उशीचा खेळ.

अशा वेळी साखर खाऊ नका, इन्सुलिनही घेऊ नका, बोटाला टोचून बघा. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटावर फळाचा रस किंवा गोडाचा अंश असला तर १२० चे २२० दिसू शकतात. आणि सेन्सर पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे साखर वेगाने बदलत असताना तो रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो, हेही लक्षात ठेवा.

---

निळासूर

खड्डा आणि उसळी जोडून पाहायचं सुचलंच नव्हतं. सेन्सर डाव्या दंडावर आहे आणि झोप डाव्या कुशीवर. जागा बदलायची की कूस?

---

पहाटवारा

जागा. झोपेत कूस आपल्या ताब्यात नसते. पुढचा सेन्सर उजव्या दंडावर, मागच्या बाजूला, मांसल भागात लावा.

---

गवतफुला

रात्री लो होऊन सकाळी चढते त्याला सोमोगी परिणाम म्हणतात ना? मग सकाळी जास्त दिसली की रात्रीचं इन्सुलिन कमी करावं असं कित्येक ठिकाणी लिहिलेलं असतं.

---

बिंदुरेषा

लिहिलेलं असतं, आणि या विषयात सगळ्यात जास्त नुकसान त्याच वाक्याने होतं. मायकल सोमोगी यांनी १९३८ साली ती कल्पना मांडली तेव्हा रात्रभराची साखर बघायची सोयच नव्हती. लघवीतल्या साखरेवरून अंदाज बांधावे लागत. आज सीजीएमवर रात्रीच्या रात्री पाहता येतात आणि चित्र बहुतेक वेळा उलटं निघतं: ज्या रात्री लो झाली त्या सकाळी उपाशीपोटीची साखर सहसा कमीच असते. कारण ज्या जादा इन्सुलिनने लो केली ते पहाटेही अंगात असतं.

रात्री लो होऊन सकाळी २२० दिसण्याचं नेहमीचं कारण साधं आहे: लो झाल्यावर घाबरून गरजेच्या तिप्पट खाल्लं जातं. नियम १५ ग्रॅमचा आहे. १५ ग्रॅम लगेच शोषली जाणारी साखर, मग १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, ७० च्या खालीच असेल तर आणखी १५ ग्रॅम. ग्लुकोजची गोळी साधारण ४ ग्रॅमची असते, म्हणजे चार गोळ्या. अकार्बोज घेणाऱ्यांनी साधी साखर न घेता ग्लुकोजच घ्यावं, कारण त्या औषधाने साखरेचं विघटन लांबतं. अर्धवट झोपेत, थरथरत्या हाताने ती १५ मिनिटं फार मोठी वाटतात आणि हात पुन्हा पुन्हा डब्याकडे जातो. म्हणून मोजलेल्या गोळ्या उशाशी ठेवायच्या, डबा नाही.

आणखी एक. 'लो झाली तर जाग येईलच' यावर विसंबू नये. झोपेत अ‍ॅड्रेनलिनचा प्रतिसाद जागेपणीपेक्षा मंद असतो. टाइप १ मधुमेहात (शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवत नाही तो) काही वर्षांनी ग्लुकॅगॉनचा प्रतिसादही जवळपास संपतो. त्यामुळे ५० पर्यंत जाऊनही गाढ झोप लागलेली असू शकते. घामाने ओली उशी, भयानक स्वप्नं, सकाळी जड डोकं, ही चिन्हं दिसली तर रात्री ३ ची तपासणी झालीच पाहिजे.

---

शुक्रतारा

मग पहाटेची चढण, रात्रीचं जेवण आणि लो हे वेगळं कसं करायचं? ज्यांच्याकडे सीजीएम नाही त्यांच्यासाठी सांगा.

---

पहाटवारा

ग्लुकोमीटरवर तीन रात्री लागतात. लागोपाठच हव्यात असं नाही, पण तिन्ही रात्री जेवण साधं, एकाच वेळेला आणि झोपण्याच्या किमान चार तास आधी. त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त व्यायाम नको, मद्य नको, आजारपण नको.

मोजायच्या वेळा: झोपताना, रात्री ३ ला, डोळे उघडल्यावर अंथरुणातच, आणि उठून ४५ मिनिटांनी काहीही खाण्यापिण्याआधी, कॉफीसुद्धा नाही. चौथी वेळ बहुतेक जण गाळतात आणि मग 'पहाटेची' व 'उठल्यावरची' चढण यांची गल्लत होते.

आता वाचन. समजा झोपताना १३५, ३ ला १२०, डोळे उघडताच १५२, ४५ मिनिटांनी १५८. तीनपासून जागेपर्यंत ३२ ने चढली: ही पहाटेची चढण. १९८१ मध्ये मारिया श्मिट आणि सहकाऱ्यांनी तिला नाव दिलं. रात्रीच्या तळापासून २० किंवा जास्त वाढ झाली तर ती आहे असं साधारणपणे धरतात.

झोपताना १३५, ३ ला १२२, डोळे उघडताच १२६, ४५ मिनिटांनी १६४ असेल तर पहाट निर्दोष आहे. ही उठण्याची चढण. इंग्रजीत तिला 'पाय जमिनीला टेकल्याची' म्हणतात. रात्रीचं इन्सुलिन वाढवून ती जाणार नाही.

झोपताना १४०, ३ ला १८५, सकाळी १९० असेल तर चढण ३ च्या आधीच झाली आहे. इथे पहाटेला दोष देऊ नका, ताटाकडे बघा. तेलकट, प्रथिनयुक्त, उशिरा केलेलं जेवण तीन ते सहा तासांनी साखर वर नेतं.

३ ला ६२ आली तर प्रयोग तिथेच थांबवा, लो वर उपचार करा आणि सकाळी डॉक्टरांना फोन करा.

छोट्या फरकांवरून निष्कर्ष काढू नका. चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत चूक मान्य आहे. ११८ आणि १२७ हा फरक नाहीच. म्हणून तीन रात्री.

३ च्या तपासणीसाठी मंद आवाजाचा किंवा नुसता थरथरणारा गजर लावा, मोठा दिवा लावू नका, पट्टी आणि सुई आधीच काढून ठेवा. पूर्ण जाग आणून मोजलं तर पुढची साखर आपणच बिघडवतो.

---

गवतफुला

त्या चौथ्या तपासणीत अलार्मचा भाग किती आणि नुसत्या उठण्याचा किती, हे वेगळं करता येतं?

---

शुक्रतारा

सुट्टीच्या दिवशी अलार्मशिवाय उठून तीच चार वाचनं घ्यायची. पण उठण्याची वेळ नेहमीच्या अर्ध्या तासाच्या आतबाहेर हवी, नाहीतर कॉर्टिसॉलचा दिवसाचा क्रमच आडवा येतो. तीन अलार्मचे दिवस, तीन बिनअलार्मचे, आणि चौथ्या-तिसऱ्या वाचनातल्या फरकाची सरासरी. दोन्ही सरासरींत १५ पेक्षा कमी फरक निघाला तर अलार्मचा विषय सोडून द्यावा.

एक भर घालते: घोरणं, रात्री श्वास अडकणं आणि दिवसा डुलक्या असतील तर सकाळच्या साखरेमागे झोपेतला श्वासरोध असू शकतो. त्यात माणूस रात्रभर पुन्हा पुन्हा अर्धवट जागा होतो, सकाळी आठवतही नाही, पण दर वेळी ऑक्सिजन घसरतो आणि ताणाची यंत्रणा चालू होते. यावर इन्सुलिनचे डोस हलवत बसण्यापेक्षा झोपेची तपासणी करावी. नुसती अपुरी झोपही पुरेशी ठरते. एकाच रात्री चार तास झोप मिळाली तरी दुसऱ्या दिवशी इन्सुलिनचा असर मोजता येण्याइतका कमी होतो.

---

काठपदर

दिवसाच्या ताणावर कुणी लिहिलं नाही. अचानक वाईट बातमी, गाडी थोडक्यात वाचणं, भाषणाआधीची धडधड. टाइप १ मध्ये १३० ची २१० होते. लगेच करेक्शन (साखर उतरवायला जादा इन्सुलिन) घ्यायचं की नाही?

---

बिंदुरेषा

आधी एक अट: मोजल्याशिवाय काहीच करायचं नाही. धडधड, घाम, थरथर ही भीतीची लक्षणं आहेत आणि तीच लो ची सुद्धा आहेत, कारण दोन्हीकडे अ‍ॅड्रेनलिनच काम करतं. लो समजून साखर खाल्ली आणि ती होती भीती, तर आधीच चढणाऱ्या साखरेत भर. भीती समजून दुर्लक्ष केलं आणि ती होती लो, तर त्याहून वाईट. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठीची औषधं) घेणाऱ्यांत धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. त्यांनी घामावर लक्ष ठेवावं.

आता करेक्शन. झटपट इन्सुलिन वापरणाऱ्यांसाठी १८०० चा अंदाज: १८०० भागिले दिवसाचं एकूण इन्सुलिन. दिवसाला ४५ युनिट असतील तर एका युनिटने साखर साधारण ४० ने उतरते. २१० वरून १२० ला आणायचं म्हणजे ९० भागिले ४०, सव्वादोन युनिट. कागदावर बरोबर.

चूक कुठे होते पाहा. त्या २१० मधले समजा ६० अ‍ॅड्रेनलिनचे आहेत. अ‍ॅड्रेनलिन सरल्यावर यकृत शांत होतं आणि त्या ६० पैकी बराचसा भाग तास-दीड तासात आपोआप उतरू लागतो. पण टोचलेलं इन्सुलिन जोर धरतं तासाभराने आणि काम करत राहतं तीन ते पाच तास. म्हणजे वाघ पळून गेल्यावर शिपाई येतात. २१० मधून ६० स्वतःहून गेले, ९० इन्सुलिनने नेले, उरले ६०. आणि ही लो अशा वेळी येते जेव्हा माणूस 'आता सगळं ठीक आहे' म्हणून गाडी चालवत असतो.

त्यामुळे एकाच झटक्याच्या ताणात, पोटात अन्न नसताना, आधीचं इन्सुलिन बरोबर घेतलेलं असताना: पाणी प्या, १५ मिनिटं चाला, ४५ ते ६० मिनिटांनी पुन्हा मोजा. उतरत असेल तर हात लावू नका. तितकीच असेल किंवा चढतच असेल तर करेक्शन घ्या, आणि अनेक डॉक्टर अशा वेळी हिशेबाच्या अर्ध्यापासून सुरुवात करायला सांगतात. त्यावर तासाभरात दुसरा डोस चढवू नका. डोसांवर डोस साचले की त्यांची बेरीज पुढच्या तीन तासांत एकदम दिसते.

---

काठपदर

चालणं नेहमीच चांगलं ना? मग २८० असली तरी चालायचं?

---

शुक्रतारा

टाइप १ मध्ये नाही. २५० च्या वर असेल तर आधी कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबीपासून बनणारी आम्लं) तपासा. रक्तातले कीटोन (हे आकडे मिलीमोल/लिटर) ०.६ च्या खाली असतील तर हलकं चालणं ठीक. १.५ किंवा वर असतील तर व्यायाम नको, इन्सुलिन आणि पाणी हवं, आणि डॉक्टरांशी बोलणं हवं. ३ च्या वर असतील किंवा उलट्या, पोटदुखी, धाप असेल तर थेट रुग्णालय. इन्सुलिनच नसताना व्यायाम केला तर यकृताला आणखी साखर आणि कीटोन सोडायचाच संदेश जातो. इन्सुलिन पंपवाल्यांनी अशा वेळी आधी नळी आणि सुईची जागा बघावी. नळी मुडपून इन्सुलिन अडलेलं असतं आणि खापर ताणावर फुटतं.

धापा टाकायला लावणारा, वेगात धावण्याचा व्यायाम सकाळी उपाशीपोटी केला तर साखर चढलेली दिसू शकते, तिथेही अ‍ॅड्रेनलिनच. संथ चालण्याने ती सहसा उतरते.

---

पहाटवारा

काठपदर यांच्या प्रश्नात 'पोटात अन्न आहे की नाही' हा मुद्दा मोठा आहे. २००५ साली झ्युरिचमध्ये टाइप १ च्या रुग्णांना मुद्दाम मानसिक ताण देऊन पाहिलं: लोकांपुढे भाषण आणि तोंडी गणित. उपाशीपोटी ताण दिला तेव्हा साखर फारशी हलली नाही. जेवणानंतर दिला तेव्हा साखर उतरायला उशीर झाला. म्हणजे साध्या मानसिक ताणात यकृताच्या उसळीपेक्षा जेवणातली साखर जिरवण्यात येणारा अडथळा जास्त जाणवतो. जेवणानंतर लगेच कठीण बैठक किंवा परीक्षा असेल तर त्या जेवणाचा आकडा नेहमीपेक्षा वर राहील हे आधीच धरून चाला आणि त्या एका आकड्यावरून जेवणाचं प्रमाण बदलू नका.

(दचकणं आणि साखर यांचा संबंध जुना आहे. क्लॉद बर्नार यांनी १८४९ मध्ये प्राण्याच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचून लघवीत साखर आणून दाखवली. १९११ मध्ये वॉल्टर कॅनन यांच्या प्रयोगशाळेत घाबरलेल्या मांजरांच्या लघवीत साखर सापडली. इन्सुलिन सापडलं त्याच्या दहा वर्षं आधी.)

---

गवतफुला

पहाटेची चढण ठरली, तीन रात्री मोजून. आता करायचं काय? रात्रीचं बेसल (दिवसरात्र संथ चालणारं इन्सुलिन) वाढवलं तर ती जाते ना?

---

बिंदुरेषा

जाते, आणि जाताना रात्री २ ला लो देऊन जाऊ शकते. बेसल सपाट असतं, गरज सपाट नसते: मध्यरात्री कमी, पहाटे जास्त. सकाळचा आकडा १०० व्हावा म्हणून बेसल वाढवत गेलं की मधल्या खड्ड्यात माणूस पडतो. बेसल गरजेपेक्षा जास्त झाल्याची चिन्हं: झोपताना आणि सकाळी यांत ५० किंवा जास्त घसरण, डोस वजनाच्या किलोमागे ०.५ युनिटच्या वर गेलेला, कारण नसताना लो.

एनपीएच (मध्यम काळ चालणारं इन्सुलिन) घेणाऱ्यांत एक सोपी दुरुस्ती असते. त्याचा जोर टोचल्यापासून साधारण चार ते आठ तासांनी येतो. संध्याकाळच्या जेवणाआधी घेतलं तर जोर मध्यरात्री, नको तिथे. झोपताना घेतलं तर जोर पहाटेकडे सरकतो. हा बदल डॉक्टरांना विचारूनच, पण विचारा नक्की.

पंपावर ही चढण सगळ्यात नीट हाताळता येते. साखर ४ ला चढू लागत असेल तर बेसल २ च्या सुमारास वाढवायचं, कारण परिणामाला दोन तास लागतात. एका वेळी १० ते २० टक्के, मग दोन-तीन रात्री पाहायचं. चढणीच्या वेळीच बेसल वाढवणं ही नेहमीची चूक: परिणाम येतो तेव्हा नाश्त्याचा बोलसही (जेवणापुरता झटपट इन्सुलिनचा डोस) अंगात असतो आणि सकाळी दहाला लो.

उठण्याच्या चढणीवर बेसल उपयोगाचं नाही. काहींना डॉक्टर उठताक्षणी एक-दीड युनिट झटपट इन्सुलिन ठरवून देतात, किंवा नाश्त्याचा बोलस नाश्त्याच्या २० मिनिटं आधी घ्यायला सांगतात. साखर ८० च्या आसपास असेल तर मात्र हे करायचं नाही.

---

काठपदर

आणि टाइप २, फक्त गोळ्यांवर असतील त्यांनी?

---

पहाटवारा

मेटफॉर्मिन यकृताच्या साखर सोडण्यावरच लगाम घालतं. हळूहळू सुटणारी गोळी संध्याकाळच्या जेवणाबरोबर घेतली तर रात्रीच्या उत्तरार्धात ती कामाला असते. सकाळी घेत असाल तर वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी रात्री वाढवून पहाट आवरायला जाऊ नये. ती साखर कितीही असली तरी इन्सुलिन सोडायला लावते आणि रात्रीची लो ओढवते.

जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, नंतर १५-२० मिनिटं चालणं, आणि सकाळी उठल्यावर पहिला अर्धा तास संथ हालचाल. कोरी कॉफी उपाशीपोटी साखर वर नेत असेल तर नाश्त्याबरोबर घ्या. कॅफिनने अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि ते नेमकं कॉर्टिसॉलच्या उसळीवर बसतं.

पहाटेची चढण 'किरकोळ' म्हणून सोडून देऊ नये एवढं मात्र आग्रहाने सांगतो. टाइप २ मध्ये तिचा एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) वरचा भार सरासरी ०.४ टक्का मोजला गेला आहे. ७.२ आणि ६.८ यांतला फरक तेवढाच असतो.

---

निळासूर

रात्रपाळीवाल्यांची पहाट कुठली धरायची?

---

शुक्रतारा

दोन भाग करा. जागेपणाशी बांधलेली उसळी त्यांच्या उठण्याबरोबर येते, मग दुपारी ४ का असेना. पण कॉर्टिसॉलचा दिवसाचा क्रम पाळीबरोबर लगेच फिरत नाही, आठ-दहा दिवसांनीही पूर्ण फिरलेला नसतो. म्हणून पहाटे ४ ते ८ मध्ये ते जागे आणि कामावर असताना साखर वर असते, शिवाय तेव्हाच काही खाल्लं तर आणखी वर जाते. त्यांनी 'उपाशीपोटी' म्हणजे मुख्य झोपेनंतरची साखर असं धरावं आणि वहीत घड्याळाच्या वेळेबरोबर 'झोपेनंतर किती मिनिटांनी' हेही लिहावं. पाळी बदलली की पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यांवरून डोस बदलू नयेत.

---

निळासूर

शेवटचं. सेन्सरचाच अलार्म रात्री दोनदा उठवतो, 'हाय' म्हणून. तो बंद करावा का?

---

पहाटवारा

रात्रीपुरता 'हाय' ची मर्यादा १८० वरून २५० ला न्या. १९० साठी गाढ झोपेतून उठवून आपण त्यात अ‍ॅड्रेनलिनची भर घालतो, आणि अर्ध्या झोपेत घेतलेला करेक्शनचा डोस हा चुकीच्या डोसांमधला सगळ्यात धोकादायक. 'लो' चा अलार्म ७० वर तसाच राहू द्या, आणि ५५ च्या आसपासचा तातडीचा अलार्म कधीही बंद करू नका. फोन उशाखाली नाही, हात पोचेल अशा कडक पृष्ठभागावर ठेवा, म्हणजे थरथर ऐकू येते आणि आवाज कमी ठेवता येतो. दोन रात्री असं करून आलेख इथे टाका, खड्डे पुन्हा दिसतात का ते बघू.